शिक्षकांचा थकवा नेमका कुठून येतो?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायला हवं, असं त्यात म्हटलं होतं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. त्याच दोन वर्षांत २०२७ ची जनगणना येते आणि मतदार याद्यांची कामंही येतात. नाशिकच्या शिक्षकांसाठी यात सिंहस्थाचीही भर आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानांसाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर गर्दीने भरलेले असतील, तेव्हाही शाळेचं वर्ष चालूच असेल.

अशा बातम्यांवर लोकांचे दोन सूर ऐकू येतात. काहींना शिक्षकांची कीव येते, तर काहींचं म्हणणं असतं, “एवढा पगार घेतात, मग काम नको का करायला?” या दोन्हीतून शिक्षक का थकतात हे कळत नाही. ते कळणं मात्र आपल्या हिताचं आहे, कारण आपलं मूल दिवसाचे पाच-सहा तास याच माणसाच्या हाती असतं. म्हणून हा लेख मुख्यतः पालकांसाठी आहे.

थकवा आणि बर्नआउट

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून दमलेला शिक्षक मे महिन्यात चार दिवस गावी गेला की ताजातवाना होतो. हा साधा थकवा झाला. दुसरा प्रकार रजेनेही जात नाही. त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. मराठीत आपण “आतून विझल्यासारखं झालंय” म्हणतो, ते याच्या जवळ जातं.

न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेबद्दल लिहिलं. व्यसनाधीन रुग्णांच्या मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये त्यांना ती दिसली होती. कामचुकार माणसापेक्षा जीव ओतणारा माणूस तिच्यात आधी सापडतो, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पुढे क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे कारण शोधताना माणसाआधी त्याच्या कामाची जागा तपासायची.

तिची तीन लक्षणं सांगितली जातात. पहिलं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं. दुसरं, कामापासून मनाने तुटणं. स्टाफरूममध्ये हे लगेच ओळखू येतं. एकेका मुलाच्या घरची माहिती ठेवणारे सर “सातवी ब म्हणजे सगळे सारखेच” असं बोलू लागतात. तिसरं, आपल्या शिकवण्याने काहीच फरक पडत नाही असं पक्कं वाटू लागणं.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हा फरक फोड करून सांगावा लागणार नाही. वेलीवर झेपतील त्याहून जास्त घड ठेवले, तर त्या हंगामात माल भरपूर दिसतो. पण काडीत अन्नसाठा उरत नाही आणि पुढच्या वर्षी घडच कमी निघतात. मग त्या हंगामात कितीही पाणी-खत दिलं तरी ते घड परत येत नाहीत. शिक्षकांच्या बाबतीत आपण चालू वर्षाचा माल तेवढा मोजतो. निकाल किती टक्के, किती नोंदी भरल्या, किती उपक्रम झाले, एवढंच विचारतो. काडीकडे कुणी पाहत नाही.

वर्गात एवढं दमण्यासारखं काय असतं?

बसून-उभं राहून चार-पाच तास बोलायचं, त्यात काय, असं बाहेरून वाटतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं, की प्राथमिक शिक्षकाचे दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत छोटे-छोटे संवाद होतात. कुणाला पेन्सिल हवी, कुणाला लघवीला जायचंय, कुणी गणित चुकलंय, तर कुणी कालपासून गप्प आहे. प्रत्येक वेळी शिक्षकाला निर्णय घ्यायचा असतो. तोही लगेच, तीस-चाळीस जणांच्या देखत.

यात आणखी एक न दिसणारं काम असतं. आतून काहीही वाटत असलं तरी बाहेर योग्य भावना दाखवणं, हाही कामाचाच भाग असतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. त्यांचा अभ्यास विमानातल्या हवाई सुंदरींवर होता, पण तो पहिलीच्या बाईंना शब्दशः लागू पडतो. घरी सासूबाई आजारी आहेत, रात्री झोप झालेली नाही, तरी नऊ वाजता हसत “चला, गोलात बसा” म्हणावंच लागतं. मजुराच्या पाठदुखीसारखं हे दिसत नाही, म्हणून त्याची गणती होत नाही.

आणि आवाज. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं. बाहेर रहदारी, वर पत्रा, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. अशा खोलीत शिक्षकाचा आवाज दिवसभर वरच्या पट्टीत राहतो आणि त्याला ते जाणवतही नाही. स्वरतंतूंवर गाठी येणं, घसा कायम बसणं हा शिक्षकांच्या व्यवसायातला ओळखीचा त्रास आहे. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या पत्र्याच्या वर्गात धो-धो पावसात शिकवून पाहिलं की वेगळा पुरावा लागत नाही.

काम जास्त आहे की ताबा कमी आहे?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

अमेरिकन संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाबद्दल एक साधा विचार मांडला. ताण कामाच्या प्रमाणावर जेवढा ठरतो, तेवढाच ते काम आपल्या हातात किती आहे यावरही ठरतो. काम खूप आणि त्यावर ताबाही भरपूर असेल, तर माणूस थकतो पण खुलतोही. मागणी प्रचंड आणि ताबा शून्य, असं झालं की माणूस पोखरला जातो.

आता नाशिक जिल्ह्यातले शिक्षक या चष्म्यातून पाहा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये कामाला उतरतात. मुलंही सोबत जातात. पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना विचारणा होते, की उपस्थिती का घसरली आणि तिसरीच्या मुलाला वाचता का येत नाही. पावसावर, मजुरीच्या दरावर, त्या कुटुंबाच्या कर्जावर गुरुजींचा काडीचाही ताबा नसतो. जबाबदारी मात्र त्यांच्या नावावर असते. शिवाय दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता म्हणजे एका खोलीत एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळायचे. पहिलीला अक्षरं लिहायला दिली की चौथीचा भागाकार, आणि तो अर्ध्यात असताना पहिलीतलं कुणीतरी रडायला लागतं.

शाळेच्या पटाचंही तेच आहे. किती मुलं आहेत यावर किती शिक्षक मंजूर होणार हे ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि दुसऱ्या शाळेत समायोजनाची वाट पाहत बसतो. पंधरा-वीस वर्षं मान देणाऱ्या गावात आपण अचानक जास्तीचे ठरलो, ही जखम खोल असते. म्हणून मे-जूनमध्ये शिक्षक घरोघरी जाऊन मुलं मागतात. गावात जन्म कमी झाले, इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येऊ लागली, कुटुंबं सातपूर-अंबडला कारखान्यांकडे सरकली, यातलं काहीही शिक्षकाच्या हातात नाही. अडचणीत तोच येतो.

शहरातल्या खासगी शाळेत चित्र वेगळं दिसतं, गाभा तोच असतो. कोणत्या आठवड्यात कोणतं पान शिकवायचं हे वरून ठरतं, वर्गात कॅमेरा असतो आणि पालकांच्या ॲपवर रोज काहीतरी टाकावं लागतं. एखादा धडा मुलांना कळला नाही म्हणून दोन दिवस जास्त घ्यावा, एवढी साधी मोकळीक अनेक मॅडमना नसते.

फळा सोडून बाकीचं

शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं, की शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही. अपवाद तीनच आहेत: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. २०२४ मध्ये राज्य सरकारने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला.

मग तक्रार कशाची? मोठ्या कामांची निदान तारीख ठरलेली असते. जीव खातात ती रोजची छोटी कामं. पोषण आहाराची आजची संख्या, तांदळाचा साठा, चव नोंदवही. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची, माहिती. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही म्हणून अडकलेलं एखाद्या मुलाचं ओळखपत्र. अमुक दिवस साजरा केल्याचे फोटो. आणि ग्रुपवर येणारा तो निरोप: “माहिती तातडीने आजच सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे.” सांगण्यासारखं काही नसेल, तर तेही लिहून कळवायचं.

“पाच मिनिटांचं तर काम,” असं यावर म्हटलं जातं. पाच मिनिटं खरी आहेत, पण हिशेब तिथे संपत नाही. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. अपूर्णांक शिकवताना फोन वाजला, माहिती पाठवली, पुन्हा फळ्याकडे वळलं, तर वर्ग आणि शिक्षक दोघांनाही धागा नव्याने पकडावा लागतो. दिवसातून असं पाच-सहा वेळा झालं, की शिकवण्याचे तास कागदावर पूर्ण राहतात आणि प्रत्यक्षात त्यांचे तुकडे झालेले असतात.

ऑनलाइनमुळे काम हलकं व्हायला हवं होतं ना?

नाशिकला या प्रश्नाचं उत्तर दारातच आहे. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन परिसरात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ पासून दूरशिक्षण देतं. त्याची पुस्तकं एकट्याने वाचून समजतील अशी घटकांत मांडून लिहिलेली असतात, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न असतात, अभ्यासकेंद्रं असतात. दुरून शिकवणं ही स्वतंत्र कला आहे आणि तिची तयारी फार आधीपासून करावी लागते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षकांना ही तयारी मिळाली नाही. वर्गात शिक्षक मुलांचे डोळे वाचून वेग ठरवतो. मागच्या बाकावरची कुजबुज सांगते, की उदाहरण कळलेलं नाही. मोबाइलवर त्याच्यासमोर काळे चौकोन आणि बंद माइक होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव समजून घ्यायला मेंदूला करावे लागणारे जास्तीचे कष्ट. सुरगाण्यासारख्या भागात याच्याही आधीचा प्रश्न होता. घरात फोन एकच, तो वडिलांसोबत कामावर, आणि रेंज टेकडीवर. अनेक गुरुजी तेव्हा पाड्यावर जाऊन अंगणात, ओट्यावर मुलं बसवून शिकवत होते. त्या काळाची आठवण काढताना हे विसरलं जाऊ नये.

४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातल्या शाळा टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष सुरू झाल्या. ऑनलाइन तास संपले, पण शिक्षकाचा खासगी नंबर तेव्हा जो सर्वांचा झाला, तो तसाच राहिला. आता वर्गही घ्यायचा आणि रात्री साडेदहाला “मॅडम, उद्याचा गृहपाठ काय?” याचं उत्तरही द्यायचं. शाळेची घंटा वाजली तरी दिवस संपत नाही.

त्यावर नवी भर म्हणजे निबंध लिहून देणारी एआय साधनं. वही तपासताना आधी हे मुलाने स्वतः लिहिलं आहे का याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि ठाम पुरावा नसताना मुलाला विचारणं फार नाजूक असतं. यावर बहुतेक शाळांत स्पष्ट नियम हवेत. नाहीतर प्रत्येक शिक्षक एकटाच झगडत राहील.

“पण त्यांना सुट्ट्या किती असतात!”

हा आक्षेप नेहमी येतो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला वर्षाला किमान २००, उच्च प्राथमिकला २२० कामाचे दिवस आहेत. पण शिक्षकाचा आठवडा तिथे तयारीसह ४५ तासांचा धरला आहे. पाठाची तयारी, वह्या, पेपर हे काम आहे हे कायद्यालाच मान्य आहे. सुट्टीचा बराच भाग प्रशिक्षणं, पेपर आणि प्रवेशाच्या फेऱ्या खातात. तरीही सुट्ट्या जास्त असतात, हे मान्य करावं. फक्त मघाचा मुद्दा इथे लागू होतो: साधा थकवा सुट्टीने जातो, बर्नआउट जात नाही.

पगाराबद्दलही एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवू नये. नव्याने लागलेला प्राथमिक शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं मानधनावर असतो, आणि २०२३ मधल्या वाढीनंतर ते महिना १६,००० रुपये झालं. अंशतः अनुदानित शाळांत वीस-चाळीस टक्के पगारावर वर्षं काढणारे आहेत, महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारे आहेत.

आणि हो, काम टाळणारे शिक्षकही असतात. कोणत्याही गावाला ते माहीत असतात. त्यांच्यावर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नको. पण त्यांच्यासाठी लावलेला प्रत्येक नवा फोटो-पुरावा आणि नवा रकाना प्रामाणिक माणसाच्याच मानेवर बसतो. टाळणारा तोही टाळतो.

टीईटीबद्दल माझं मत असं आहे. नोकरीत येताना परीक्षा असावी, दर्जा तपासला जावा, हे योग्यच आहे. मात्र वीस वर्षं पाड्यावर शिकवलेल्या पंचेचाळिशीच्या बाईंना परीक्षा द्यायला सांगताना अभ्यासासाठी वेळ आणि मदत देणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती न घेता नुसती मुदत दिली, तर मागणी वाढते आणि ताबा घटतो.

याचा मुलांवर काय परिणाम होतो?

शिक्षक आतून विझला तरी वर्ग चालूच राहतो. त्यामुळे पालकांना ते लवकर कळत नाही. धडा वाचून दाखवला जातो, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवली जातात, वही पूर्ण दिसते. कमी होतं ते जास्तीचं देणं: मागे पडलेल्या मुलाजवळ पाच मिनिटं बसणं, चुकलेल्या उत्तरामागचा विचार विचारणं. हुशार आणि घरी मदत मिळणारी मुलं यातून तरतात. ज्याला घरी शिकवणारं कुणी नाही, त्याचा एकमेव आधार सुटतो. खासगी शाळांत शिक्षक थेट नोकरी सोडतात आणि एका वर्षात गणिताला तीन वेगवेगळे शिक्षक मिळतात.

योगवर्ग घेतले तर?

योग, ध्यान, व्याख्यान यांना विरोध नाही. त्यांनी माणसाला बरं वाटतं. पण शनिवारी दुपारी सक्तीचं ताणमुक्ती शिबिर ठेवून त्याचे फोटो अपलोड करायला लावले, तर तो ताणात आणखी एक रकाना झाला. कारण कामाच्या रचनेत असेल, तर उपाय तिथेच करावा लागेल.

रचनेतले उपाय फार खर्चिक नाहीत. कार्यालयांनी माहिती मागवायचे दिवस आणि वेळ ठरवावी, आणि एकदा दिलेली माहिती दुसऱ्या विभागाने पुन्हा मागू नये. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर होणाऱ्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी निम्मा वेळ शिक्षकांना आपसांत वर्गातल्या अडचणी बोलायला द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची तरतूद आहे. त्यातले काही तास आवाजाची काळजी, बहुवर्ग अध्यापन आणि स्वतःच्या मनःस्वास्थ्यासाठी ठेवता येतील. शिक्षकाने स्वतः करायचं म्हटलं, तर घशाचा त्रास तीन आठवड्यांहून जास्त टिकला की कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. आणि झोप उडणं, रडू कोसळणं, जगणं नकोसं वाटणं इथवर गोष्ट आली असेल, तर थांबू नये. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे.

पालकांच्या हातात काय आहे?

वाटतं त्याहून बरंच. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. गणवेश आणि सहलीखेरीज या बैठकांत पुढचे प्रश्नही विचारता येतात. गेल्या महिन्यात आमच्या मुलांच्या शिक्षकांचे किती तास शाळेबाहेरच्या कामात गेले? पालकांचे निरोप शिक्षकांच्या खासगी नंबरवर न जाता शाळेच्या एका नंबरवर, संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंतच, असं ठरवायचं का? पत्र्याच्या खोलीला आतून छत करायला ग्रामपंचायतीकडे प्रस्ताव गेला आहे का? आणि जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारी २०२७ मध्ये, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर आहे. तेव्हा सर प्रगणक म्हणून बाहेर असतील, तर त्यांचा वर्ग कोण घेणार हे आत्ताच लिहून ठेवलंय का?